मागचा ओढा कोणाचा?

इंग्लंडमधलं हे घर घेतलं तेव्हा मागच्या कुंपणालगतचा ओढा मला शोभेचाच वाटला. ओढा तरी कसला, टांग टाकून पलीकडे जावं एवढाच. उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा. मग एका जानेवारीत रात्रभर पाऊस कोसळला आणि सकाळी उठून बघतो तर बागेत घोटाभर पाणी. विलोची मोडलेली फांदी ओढ्यात आडवी पडली होती आणि तिला पाला, एक प्लास्टिकची खुर्ची आणि कोणाचा तरी फुटबॉल अडकून छान बंधारा तयार झाला होता.

पूर म्हटल्यावर मी एन्व्हायर्न्मेंट एजन्सीला, म्हणजे नद्या आणि पूर बघणाऱ्या सरकारी संस्थेला, फोन लावला. त्यांनी पोस्टकोड विचारला आणि सांगितलं, हा 'मेन रिव्हर' नाही, म्हणजे आमच्या अखत्यारीतली नदी नाही, कौन्सिलला विचारा. कौन्सिलमध्ये फोन रस्ते विभागात गेला. ते रस्त्यावरच्या पाण्याचं बघतात. पाणी कंपनी म्हणाली, आमच्याकडे फक्त सांडपाण्याच्या वाहिन्या. या टेबलावरून त्या टेबलावर हा खेळ आपल्याकडचाच, असं मी इतकी वर्षं समजत होतो. शेवटी कौन्सिलच्या पूर विभागाला ईमेल केली आणि बारा दिवसांनी तिथल्या बाईंचा फोन आला. त्यांनी मला आधी नकाशा उघडायला लावला.

मेन रिव्हरचा अधिकृत नकाशा कोणालाही ऑनलाइन बघता येतो. आमच्या ओढ्यावरची रेघ रस्त्याच्या मोरीपाशी सुरू होते. म्हणजे तेच पाणी मोरीच्या अलीकडे 'ऑर्डिनरी वॉटरकोर्स' आणि पलीकडे मेन रिव्हर! मला वाटायचं, रुंदी-खोली मोजून ठरवत असतील. तसं नाही. पुराचा धोका मोठा असेल तर एजन्सी लहानशा ओढ्यालाही मेन रिव्हर ठरवू शकते. बाकी सगळं, अगदी शेताकडेचा चरसुद्धा, ऑर्डिनरी. त्याच्या पुराच्या धोक्याची जबाबदारी काउंटी कौन्सिलकडे किंवा (जिथे एकच कौन्सिल सगळं बघतं तिथे) युनिटरी कौन्सिलकडे, आणि सखल भागात इंटर्नल ड्रेनेज बोर्ड, म्हणजे पाण्याचा निचरा बघणारं स्थानिक मंडळ, असेल तर ओढ्यांचं काम त्याच्याकडे. २००७ च्या उन्हाळ्यात मोठे पूर आले, त्यानंतर त्या पुरांची चौकशी, 'पिट रिव्ह्यू', झाली आणि त्यातून आलेल्या २०१० च्या कायद्याने कौन्सिलांवर ही जबाबदारी टाकली.

"बरं, मग फांदी काढायला कोण येणार?"

"तुम्हीच."

ज्याची जमीन काठाला, तो 'रायपेरियन ओनर'. समोरच्या काठावर दुसऱ्याची जमीन असेल तर सहसा ओढ्याच्या मध्यापर्यंत आपली हद्द. पाणी वाहतं ठेवायचं, अडथळा काढायचा, मग खुर्ची कोणाचीही असो. नाही केलं तर कौन्सिल नोटीस देऊ शकते. बरं, मेन रिव्हर असता तरी सुटका नव्हती: एजन्सीला तिथे काम करण्याचा अधिकार आहे, सक्ती नाही. तक्रार करायला गेलो आणि आरोपी मीच निघालो.

एवढं झाल्यावर मला शहाणपण सुचलं. चार मीटर पाइप टाकून वर माती लोटली की कटकट मिटली आणि पलीकडच्या पट्ट्यात जायला वाटही झाली! पण त्यालाही कौन्सिलची संमती लागते, लँड ड्रेनेज ॲक्ट १९९१, कलम २३. फी ५० पौंड. दोन महिन्यांत उत्तर आलं नाही तर संमती मिळाली असं धरतात, हे वाचून मी जरा खुशीत होतो. (मेन रिव्हर असता तर काठापासून ८ मीटरच्या आतल्या बांधकामालाही एजन्सीचा परवाना लागतो का, ते बघावं लागलं असतं.) अर्जासाठी ओढ्याचा आडवा छेद काढायचा होता. पट्टी घेऊन गुडघाभर चिखलात उतरलो तेव्हा कळलं, पूर आला की पाणी जिथवर चढतं ती खूण माझ्या मनातल्या पाइपच्या डोक्यावरून जाते.

अर्ज पाठवण्याआधी बाईंना आकृती दाखवली ते बरं केलं. त्या म्हणाल्या, ओढा पाइपात घालायला आम्ही सहसा नाहीच म्हणतो, पाइप तुंबला तर आतलं दिसतही नाही. त्यापेक्षा साकव टाका, दोन्ही टेकू काठाच्या मागे घ्या. प्रवाहाला अडथळा नाही, म्हणून संमतीही नको. ५० पौंड वाचले, लाकडाला मात्र त्याच्या कितीतरी पट गेले.

आता पाला गळायला लागला की मी गमबूट चढवून, दाताळं घेऊन उतरतो. पलीकडचे आजोबा त्यांच्या अर्ध्यात, मी माझ्या अर्ध्यात. फुटबॉल अजून शेडमध्ये आहे, मागायला कोणी आलेलं नाही.