डिस्प्लेवरची परकी अक्षरे आणि भुशाची नळी

जानेवारीतल्या एका संध्याकाळी, नाशिकच्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत, घरीच जुळवलेल्या कोरीवकामाच्या यंत्रावर देव्हाऱ्याच्या महिरपीचे काम चालू होते. सागवानाची पाऊण इंच जाडीची फळी, त्यावर वेलबुट्टी आणि मधोमध कमळ असा साधाच नमुना होता, आणि जवळजवळ दोन तास झाल्यामुळे कमळाच्या पाकळ्या उमटू लागल्या होत्या. तेवढ्यात डिस्प्लेवरचे आकडे नाहीसे झाले आणि त्यांच्या जागी चिनी की जपानी असे वाटणारी चिन्हे, काही इंग्रजी अक्षरे आणि मोकळ्या जागा यांची खिचडी दिसू लागली. यंत्राला आता जागेचे भान राहिले नाही असे समजून मी घाईने मुख्य बटण बंद केले. नंतर शून्यबिंदू पुन्हा लावून काम पुढे चालू केले, तेव्हा सुमारे अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडला आणि वेलीच्या प्रत्येक पानाला दुहेरी कड आली. फळी वाया गेली. बटण बंद करायची गरजच नव्हती, हे मला तीन आठवड्यांनी कळले, आणि असाच बिघाड ज्यांच्याकडे होतो त्यांची फळी तरी वाचावी म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

यंत्राची रचना थोडक्यात सांगतो. ॲल्युमिनियमच्या चौकटीवर तीन दिशांना सरकणारे भाग, त्यांना पायरीपायरीने फिरणाऱ्या स्टेपर मोटारी, नियंत्रणासाठी आर्डुइनो मेगा हा छोटा संगणक-बोर्ड आणि त्यावर बसणारा, मोटारी व डिस्प्ले जोडण्यासाठीचा रॅम्प्स १.४ बोर्ड, त्यात यंत्र चालवणारी मार्लिन ही सॉफ्टवेअर प्रणाली, आणि कोरण्यासाठी सुतारकामातला नेहमीचा ट्रिमर. समोर चार ओळींचा, प्रत्येक ओळीत वीस अक्षरे मावणारा डिस्प्ले, फिरवून दाबायचे बटण आणि मेमरी कार्डाची खाच आहे. हा सगळा भाग दोन रिबन केबलींनी बोर्डाला जोडलेला असतो. केबली मुळात हातभर लांबीच्या होत्या, पण डिस्प्ले दाराजवळ हवा म्हणून मी त्या जवळजवळ एक मीटर लांबीच्या केल्या होत्या.

पहिली चूक मी दुसऱ्याच दिवशी केली. डिस्प्लेवर गडबड दिसते म्हणजे डिस्प्लेच बिघडला असणार, असे गृहीत धरून नवा आणून बसवला. तो दोन दिवस नीट चालला आणि तिसऱ्या दिवशी त्यावरही तीच चिन्हे उमटली.

तेव्हा शांतपणे बसून लक्षणे वाचायला सुरुवात केली. या प्रकारच्या डिस्प्लेमध्ये हिताचीच्या एचडी ४४७८० या चिपची, किंवा तिच्याबरहुकूम चालणाऱ्या चिपची रचना असते, आणि ती बिघाडाबद्दल बरेच काही स्वतःच सांगते. मागचा दिवाही लागत नसेल तर वीजच पोहोचलेली नाही. दिवा लागतो पण अक्षर एकही नाही, तर बहुधा काँट्रास्टचा, म्हणजे अक्षरांच्या गडदपणाचा प्रश्न असतो. मागच्या बाजूला असलेला बारीक स्क्रूचा पोटेन्शिओमीटर हळूहळू फिरवावा आणि तिसऱ्या पिनेवर जमिनीच्या (ग्राउंडच्या, म्हणजे सर्किटमधल्या शून्य व्होल्टच्या) तुलनेत साधारण अर्धा ते एक व्होल्ट मिळतो का ते पाहावे. चार ओळींच्या डिस्प्लेवर पहिली आणि तिसरी ओळ काळ्या चौकोनांनी भरलेली असेल तर वीज आहे, काँट्रास्ट आहे, पण सुरुवातीच्या सूचनाच पोहोचलेल्या नाहीत, म्हणून केबल उलटी किंवा सैल आहे का ते तपासावे. माझ्याकडे यातले काहीच नव्हते. पहिल्या दोन पिनांमध्ये ४.९ व्होल्ट मिळत होते, केबल घट्ट होती, आणि डिस्प्ले अक्षरे दाखवत होता, फक्त चुकीची.

चुकीची म्हणजे नेमकी कशी, हे पाहण्यासाठी मोबाइलवर काढलेला फोटो मोठा करून पाहिला आणि या साऱ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा धागा तिथे सापडला. बोर्ड या डिस्प्लेला प्रत्येक अक्षराचा सांकेतिक अंक एकदम पाठवत नाही. तारा वाचवण्यासाठी त्याचे दोन अर्धे करतो, आधी वरचा अर्धा आणि मग खालचा, आणि प्रत्येक अर्ध्यासोबत ‘आता घे’ असा एक ठोका दुसऱ्या तारेवरून देतो. त्या तारेवर बाहेरून एखादा जादा ठोका घुसला, तर डिस्प्ले एका अर्ध्याने पुढे सरकतो आणि तिथून पुढे एका अक्षराचा खालचा अर्धा व पुढच्या अक्षराचा वरचा अर्धा यांची मोट बांधून तिसरेच अक्षर दाखवू लागतो. आकड्यांच्या संकेतात वरचा अर्धा नेहमी ३ असतो आणि खालचा अर्धा म्हणजे तो आकडाच; ४ चा संकेत ३-४, आणि सरकल्यावर तो ४-३ होतो, जो ‘सी’चा संकेत आहे. त्यामुळे एका आकड्यामागून दुसरा आकडा येत असेल तर ४ च्या जागी मोठ्या लिपीतला इंग्रजी ‘सी’ दिसतो, ५ च्या जागी ‘एस’, ६ च्या जागी लहान लिपीतला ‘सी’, आणि ३ मात्र ३ च राहतो. माझ्या फोटोत हे सगळे जसेच्या तसे होते. परकी वाटणारी चिन्हे जपानी काताकाना लिपीतली होती, कारण या चिपच्या एका प्रचलित आवृत्तीच्या अक्षरसंचात ती लिपी मुळातच भरलेली असते आणि सरकलेले संकेत तिच्या घरात जाऊन पडतात. कागदावर एकेक संकेत मांडून ताळा जुळला, तेव्हा झालेला आनंद अजून ताजा आहे.

यातून दोन गोष्टी सिद्ध झाल्या. एक म्हणजे डिस्प्ले निर्दोष होता आणि बाहेरून आलेल्या विजेच्या झटक्याने तो पायरी चुकत होता. दुसरी म्हणजे बोर्ड डिस्प्लेला फक्त लिहितो, त्याच्याकडून काहीच वाचत नाही, कारण वाचनाची पिन या जोडणीत जमिनीलाच बांधलेली असते. म्हणून डिस्प्ले भरकटला आहे हे बोर्डाला कळत नाही आणि मोटारी आपले काम अचूक करत राहतात. त्या संध्याकाळी यंत्र बरोबर चालले होते आणि चूक माझ्या घाईची होती. अशा वेळी थोडे थांबून हत्यार आखल्याप्रमाणे फिरते आहे का ते फळीवर पाहावे, आणि फिरत असेल तर काम पूर्ण होऊ द्यावे. मुख्य स्थितीचा पडदा समोर असताना डिस्प्लेशेजारचे फिरवायचे बटण एकदा दाबले की मार्लिन डिस्प्लेला नव्याने सुरुवातीच्या सूचना देते आणि अक्षरे ताळ्यावर येतात. प्रणाली लिहिणाऱ्यांनी त्या ओळीशेजारी, स्थिर विजेने निकामी झालेला डिस्प्ले यामुळे कदाचित पुन्हा चालू होईल, अशा अर्थाची टीप लिहून ठेवली होती. ती वाचल्यावर तपासाची दिशा मिळाली.

मग वहीत नोंदी सुरू केल्या. नुसता ट्रिमर हवेत वीस मिनिटे फिरवला, काही झाले नाही. ट्रिमर आणि भुसा ओढणारा व्हॅक्यूम दोन्ही चालू ठेवले पण लाकूड कापले नाही, तरी काही झाले नाही. एमडीएफचा (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचा) तुकडा कापायला घेतला, तर बारा मिनिटांत ३ वगळता सगळे आकडे बदलले. त्याच वेळी नळीजवळ हात नेला, तेव्हा मनगटावरचे केस तिच्याकडे ओढले गेले आणि ट्रिमर धरणाऱ्या पट्टीला बोट लागताच बारीक चटका बसला. प्लास्टिकच्या नळीतून कोरडा भुसा वेगाने घासत गेला की नळीवर स्थिर वीज साठते. पावसाळ्यात हवेतल्या ओलाव्यामुळे ती आपोआप निचरून जाते, पण नाशिकच्या कोरड्या थंडीत ती साठत राहते आणि मिळेल त्या वाटेने उडी मारते. व्हॅक्यूमची नळी मी दिवाळीत जोडली होती आणि बिघाड जानेवारीत सुरू झाला होता, हा क्रम तोवर ध्यानातच आला नव्हता.

ती वीज जमिनीत का जात नाही, हा पुढचा प्रश्न होता. वायरिंगची कामे आयुष्यभर केलेले आमच्या शेजारचे काका संध्याकाळी आले आणि यंत्राकडे न पाहता आधी भिंतीवरच्या सॉकेटकडे गेले.

“सॉकेटला तिसरं भोक आहे म्हणून अर्थिंग आहे असं धरू नकोस,” ते म्हणाले.

“मीटर लावून बघू या का, काका?”

“लाव. आधी फेज-न्यूट्रल, मग फेज-अर्थ.”

पहिले माप २३१ आले आणि दुसरे नव्वदच्या आसपास डुलत राहिले. मेन बंद करून सॉकेट उघडले, तर अर्थची तार स्क्रूखालून निसटलेली होती. ती बसवल्यावर दोन्ही मापे जवळजवळ सारखी आली. ज्यांना घरच्या वीजजोडणीत हात घालण्याचा सराव नाही, त्यांनी हे काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावे.

तरीही यंत्राची चौकट अर्थशी जोडली गेली नव्हती, आणि हे मला सर्वांत उशिरा उमगले. ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर ॲनोडायझिंगचा थर असतो व तो वीज वाहू देत नाही, त्यामुळे स्क्रूने घट्ट आवळलेले दोन भाग मीटरवर मात्र एकमेकांपासून तुटलेले दिसतात. शिवाय माझा ट्रिमर दुहेरी इन्सुलेशनचा, दोन पिनांचा, म्हणून त्याच्याकडून अर्थ मिळण्याचा प्रश्नच नव्हता आणि त्याला धरणारी पट्टी पूर्णपणे अधांतरी होती. प्रत्येक सांध्यावर स्क्रूखालचा थर कानशीने खरवडून चकचकीत धातू उघडा केला, दातेरी वॉशर घातले, ट्रिमरच्या पट्टीपासून लवचीक तार काढून चौकटीला आणि चौकटीपासून अर्थला जोडली. नळीच्या आतून उघडी तांब्याची तार या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढून तीही अर्थला बांधली. रिबन केबली पुन्हा ३० सेंटिमीटरच्या केल्या, ट्रिमरच्या तारेपासून दूर नेल्या, आणि डिस्प्लेच्या मागे पाच व्होल्ट व जमीन यांच्यामध्ये ‘१०४’ छापलेला छोटा कपॅसिटर डाखला. डिस्प्ले आता दाराजवळ नाही, पण त्याची फारशी अडचण होत नाही.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, हवा तितकीच कोरडी असताना, मुद्दाम एमडीएफचा तुकडा तासभर कापून पाहिला आणि एकही आकडा हलला नाही. त्यानंतर सागवानाची दुसरी फळी लावली. महिरप साडेतीन तासांत पूर्ण झाली, पानांच्या कडा एकेरी आल्या, आणि आता तिला पॉलिशचा दुसरा हात द्यायचा आहे. यंत्रावर मी पहिलाच, जुना डिस्प्ले परत बसवला आहे. नवा आणलेला डब्यात जपून ठेवला आहे.