८४ जण ‘येतो’ म्हणाले, आले ४१

मी बडोद्यात एका प्रायव्हेट मेंबर्स क्लबमध्ये इव्हेंट्स बघते. क्लब म्हटलं की लोकांना स्विमिंग पूल आणि रमी आठवते, हे तसलं नाही, नेटवर्किंग क्लब आहे. दोन जुन्या मेंबरांनी नाव सुचवल्याशिवाय आत घेत नाहीत, वर्षाची फी भरायची आणि त्याबदल्यात महिन्यातून एक सकाळचा नाश्ता, एक संध्याकाळचं स्पीकर सेशन, शिवाय नवरात्रीच्या आधी गरब्याचा वर्कशॉप, उत्तरायणला पतंगासाठी गच्ची, असं काय काय. मेंबर म्हणजे मकरपुरा जीआयडीसीतले कारखानेवाले, सीए, डॉक्टर, दोन-चार बिल्डर, एक मसालेवाल्या बेन, आणि इन्शुरन्सवाले तर मोजूच नका. आई अजून नातेवाइकांना सांगते की मुलगी हॉटेलात आहे. मी समजवायचं सोडून दिलंय.

बाहेरून वाटतं की यात काय, हॉल बुक करा, समोसे सांगा, झालं. पण गुजरातमध्ये दारूबंदी, त्यामुळे मुंबई-पुण्यात अनोळखी माणसं मोकळी व्हायला जे काम दोन पेग करतात ते आमच्याकडे मसाला छाशीला करावं लागतं. माणसं आली की सगळ्यात आधी ओळखीचा चेहरा शोधतात आणि त्याच्याशेजारी चिकटतात, मग दोन तास हलत नाहीत. म्हणून मी पहिला अर्धा तास खुर्च्याच लावत नाही, उंच टेबलं ठेवते आणि फरसाण मुद्दाम लांबच्या कोपऱ्यात, म्हणजे चालावं तरी लागतं. बॅज उजव्या बाजूला लावायला सांगते, कारण हात मिळवताना नजर तिकडे जाते. गळ्यातली पट्टी असली की नाव पोटावर येतं आणि समोरचा माणूस पोटाकडे बघत बोलतो, फार वाईट दिसतं ते.

तर ही गोष्ट २०२५ च्या श्रावणातली. प्रेसिडेंटना मुंबईहून मोटिव्हेशनल स्पीकर आणायचा होता. त्याचं मानधन ऐकून आमचे ट्रेझरर काका (हे मराठी, राजमहाल रोडवाले, पैशाच्या बाबतीत पक्के गुजराती) खुर्चीत सरळ बसले. मी संधी साधली आणि म्हटलं, आपल्याच गावातल्या कुणाला तरी बोलवू या की, दांडिया बाजारात एक रिटायर्ड ग्रंथपाल बाई आहेत, सयाजीरावांच्या लायब्ररीवर सुंदर बोलतात. प्रेसिडेंटभाईंनी विचारलं बिझनेस अँगल काय. मी ठोकून दिलं की भाई, ज्या महाराजांनी १९०८ मध्ये बँक ऑफ बरोडा काढली तेच हे, अँगलच अँगल आहे. पास झालं. खरं म्हणजे फुकट होतं म्हणून पास झालं.

बाईंना फोन केला तर त्यांच्या अटी दोनच, रिक्षाभाडं द्या आणि एसी कमी ठेवा.

आता जेवणाचं ऐका. श्रावणी सोमवार मुद्दाम टाळून मी शनिवार घेतला, कारण सोमवारी निम्मे गुजराती मेंबर उपासाचे, तर शनिवारी आपले मराठी लोक उपासाचे निघाले. शिवाय चातुर्मास, म्हणजे आमच्या जैन मेंबरांचा चोविहार, सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा नाही, आणि सेशन साडेसातला. म्हणजे त्यांची पानं सहालाच लावायची, कांदा-लसूण-बटाटा नसलेली, मग फराळी काउंटर वेगळा, मग रेग्युलर. केटररचे महाराज माझ्यावर उखडले, “बेन, एक प्रोग्रॅम छे के त्रण?” बडोद्यात महाराज दोनच, एक काळ्या घोड्यावर बसलेले, म्हणजे सयाजीरावांचा पुतळा, आणि दुसरे कढईपाशी उभे, आणि माझा संबंध रोज दुसऱ्यांशी येतो.

८४ जणांनी येतो म्हणून कळवलं होतं. मी ८० डिशची गॅरंटी दिली, म्हणजे माणूस येवो न येवो ८० चे पैसे द्यायचेच. आणि चार वाजता पाऊस सुरू झाला. ज्यांना बडोद्याचं माहीत नाही त्यांना वाटेल पाऊसच तर आहे, पण ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्री नदी घरात शिरलेली, सोसायट्यांमधून मगरी पकडून नेलेल्या सगळ्यांनी बघितल्यात, तेव्हापासून दोन तास सलग पाऊस पडला की अख्खं शहर व्हॉट्सॲपवर काळा घोडा पुलाखालच्या पाण्याचे फूट फॉरवर्ड करत बसतं. साडेपाचपासून मेसेज यायला लागले. सॉरी बेन, गाडी वर घेऊन ठेवलीय. सॉरी, मिसेस नको म्हणतेय. सव्वासातला मी बॅजचं टेबल बघितलं तर अर्ध्याच्या वर बॅज तसेच पडून, आणि आत ४१ माणसं. प्रेसिडेंटभाई माझ्याकडे बघत नव्हते, आणि ते बघत नाहीत तेव्हाच जास्त भीती वाटते.

बाई मात्र वेळेवर. साधी सुती साडी, हातात ओली छत्री, खांद्याला कापडी पिशवी. मी म्हटलं, बाई, पेन ड्राइव्ह द्या, पीपीटी लावते. “अगं कसली पीपीटी, मी बोलणार आहे ना.”

आणि बोलल्या छानच. हिंदी-गुजराती-मराठी सगळं मिसळून. म्हणाल्या, १९०६ मध्ये महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, मग त्यांच्या लक्षात आलं की पोरं वाचायला तर शिकली पण गावात वाचायला आहे काय, चार वर्षांत सगळं विसरतील. म्हणून १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन नावाचा ग्रंथपाल बोलावला, राजवाड्यातली आपली स्वतःची जवळजवळ २०,००० पुस्तकं काढून दिली, त्यातनं मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी उभी राहिली. लोखंडी रॅक आणि मजल्यांना काचेची जमीन, वरचा उजेड खालपर्यंत जावा म्हणून. आणि ज्या गावात लायब्ररी नाही तिथे पुस्तकांच्या पेट्या पाठवायच्या, वाचून झाल्या की पेटी पुढच्या गावाला. बॉर्डननं अमेरिकेतल्या ड्युई आणि कटर यांच्या पद्धती एकत्र करून बडोद्यासाठी वेगळं वर्गीकरणही बनवलं. मी हे सगळं मागे उभी राहून ऐकत होते आणि एका डोळ्यानं बघत होते की तिसऱ्या टेबलावर दोघं शेअरचे भाव बघतायत.

आणि एकदम बाई म्हणाल्या, बस, एवढंच सांगायचं होतं. मी घड्याळ बघितलं, १८ मिनिटं. स्लॉट ४५ चा. महाराजांचे गरम फुलके साडेआठला सुटणार, त्याच्या आधी काहीही सुटणार नाही.

प्रश्न आहेत का विचारलं. शांतता. एरवी एक तरी मेंबर असतो जो प्रश्न म्हणून उभा राहतो आणि पाच मिनिटं स्वतःच्या कंपनीबद्दल सांगतो, मला त्यांचा जाम राग येतो, त्या दिवशी मी त्यांच्यासाठी देव पाण्यात घालून बसले होते. पण तेही पावसात अडकलेले.

बाई स्टेजवरून खाली उतरल्या, चष्मा वर केला, आणि पहिल्या टेबलावरच्या एका मेंबरच्या बॅजकडे वाकून बघायला लागल्या. हे मेंबर आपले मराठी, फार बोलत नाहीत, चार वर्षं नियमाने येतात, कोपऱ्यात उभे राहतात, जेवून जातात. बॅजवर त्यांचं नाव आणि खाली अमुक इंजिनिअरिंग वर्क्स.

“इंजिनिअरिंग वर्क्स म्हणजे काय करता हो तुम्ही?”

“स्प्रिंगा बनवतो.”

“मग स्प्रिंग लिहा की. हे कॅटलॉगिंग कुणी केलंय?”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी केलं होतं. चार वर्षं मीच करत होते, मेंबरशिप फॉर्मवर फर्मचं जे नाव असेल ते उचलून छापायचं, कधी डोक्यातच आलं नाही. बाई म्हणाल्या, “पुस्तकावर फक्त प्रकाशकाचं नाव घालून कपाटात लावलंस तर शोधणारा काय शोधेल गं?” रागावून नाही, शाळेतल्या बाई वही बघून बोलतात तसं. मग माईक हातात घेतला, जो भाषण करताना घेतला नव्हता, आणि म्हणाल्या, प्रत्येकानं उभं राहून दोनच गोष्टी सांगायच्या, मी काय बनवतो आणि मला काय लागतं, कंपनीचं नाव नको, टर्नओव्हर नको. प्रेसिडेंटभाईंनी मला हातानं खूण केली, हे काय चाललंय. मी न बघितल्यासारखं केलं.

पहिले स्प्रिंगवालेच उठले. स्प्रिंगा बनवतो, छोट्या-मोठ्या, लागते ऑर्डर. लोक हसले. आणि मागच्या टेबलावरून एक गुजराती मेंबर, सेफ्टी व्हॉल्व्ह बनवतात, आमच्याकडे सहा वर्षं, हातात छाशीचा ग्लास तसाच घेऊन उभे राहिले, “स्प्रिंग? कई साइझनी?” साइझ सांगितली. “अरे, ए तो हुं राजकोटथी मंगावुं छुं!” मग तुमचा कारखाना कुठे, मकरपुरा, आमचाही मकरपुरा, कुठली लाइन, आणि निघालं काय, तर दोघांच्या शेडमध्ये दोन गल्ल्यांचं अंतर. एकाच चहाच्या टपरीवर दोघांची पोरं चहा पितात. सहा वर्षं आणि चार वर्षं एकाच क्लबात, पण हे व्हॉल्व्हवाले फक्त सकाळच्या नाश्त्याला येणारे, आणि स्प्रिंगवाले सकाळी शिफ्ट लावून देतात म्हणून फक्त संध्याकाळचे. त्या दिवशी नाश्ता कॅन्सल होता म्हणून व्हॉल्व्हवाले संध्याकाळी आले. तो कॅन्सल पण माझ्याच एका घोळामुळे झाला होता, ते जाऊ दे.

पुढचा पाऊण तास मला काही करावंच लागलं नाही. ४१ माणसं म्हणजे खरं तर बरोब्बर, ८४ असती तर हे रात्री अकरापर्यंत चाललं असतं. मसालेवाल्या बेनना पाऊच पॅकिंगवाला मिळाला, एका डॉक्टरांनी सांगितलं मला भाड्याने जागा लागते तर बिल्डर लोक तिघंही एकदम उभे. सगळ्यांचं जमलं असं नाही हं, एका सीएंना विचारलं तुम्हाला काय लागतं तर म्हणाले शांतता.

स्प्रिंग-व्हॉल्व्हची ऑर्डर पुढे झाली. आता पहिल्या लॉटचं पेमेंट अडकलंय. एक म्हणतो टेस्टिंगमध्ये फरक आला, दुसरा म्हणतो नव्वद दिवसांच्या उधारीची सवय राजकोटवाल्यांना लावा, मला नको, आणि दोघंही फोन मला करतात. राजकोटवाल्यांनी निदान मला कधी फोन केला नव्हता.

त्या रात्री ३९ डिश उरल्या. स्टाफनं नेल्या, वॉचमन काकांच्या घरी गेल्या, बाईंना मी लिलो चेवडा आणि खमण बांधून दिलं, तर “अगं शनिवार आहे माझा” म्हणत फराळी काउंटरवरची खिचडी तेवढी घेतली. प्रेसिडेंटभाई जाताना म्हणाले, प्रोग्रॅम सारो हतो, पण संख्या बघा जरा. ट्रेझरर काकांनी रिक्षाभाड्याचं व्हाउचर परत पाठवलं, बिल जोडा म्हणून. आता दांडिया बाजारच्या रिक्षावाल्याकडून मी जीएसटी बिल कुठून आणू? माझ्या पर्समधून दिले.

पण बॅज बदलायचे ठरवले. सगळ्या मेंबरांना गूगल फॉर्म पाठवला, तुम्ही काय बनवता किंवा काय काम करता, एका शब्दात लिहा. ६० च्या आसपास उत्तरं आली. एका बिल्डरनं लिहिलं ‘स्वप्नं’. ११ जणांनी लिहिलं ‘सोल्युशन्स’, त्यात सात इन्शुरन्सवाले. मला काही सुचेना, बाईंना फोन लावला, बाई, सोल्युशन्सचं काय करू?

त्या पोळ्या लाटत असाव्यात, मागे लाटण्याचा आवाज येत होता. म्हणाल्या, “तो काही विषय नाही. संकीर्णमध्ये टाक.”