खेड्यात निरोध पोहोचवताना : माझा अनुभव

आमच्या खान्देशात निरोध वाटायचं म्हटलं, की सगळे लोकांच्या लाजेबद्दल बोलतात. लाज आहेच, पण काम आधी उन्हात बिघडतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि निरोधाचा साठा शक्यतो ३० अंशांच्या आत राहायला हवा. पत्र्याच्या खोलीत खोकं महिनोन् महिने तापत राहिलं, की मुदत शिल्लक असूनही रबर कमजोर होतं. म्हणून उन्हाळ्यात आम्ही गावात महिन्यापुरताच माल ठेवतो. जागा म्हणून धाब्याचं घर सगळ्यात बरं, मातीच्या छताखाली गारवा टिकतो. खोकं फळीवर ठेवायचं, भिंतीला टेकवायचं नाही. विजेची मोटार आणि फवारणीचं औषध जवळ नको. आधीचा लॉट आधी संपवायचा.

दुसरा घोळ हिशेबाचा. सरकारी गणितात ७२ निरोध म्हणजे वर्षाचा एक वापरकर्ता, म्हणजे महिन्याला ६. मागणी या आकड्यावर केली की कमी पडणारच. आठवड्यातून दोनदा संबंध येणाऱ्या जोडप्याला वर्षाला शंभराच्या वर लागतात. त्यातून चाळीसगाव-पारोळ्याकडची ऊसतोड जोडपी दिवाळीच्या आगेमागे निघतात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांना गाडी भरण्याआधी, मुकादमाच्या नजरेआड, निदान ५० एकदम द्यावेत. फडावरच्या कोपीत (झोपडीत) आशाताई रोज थोड्याच येणार आहेत? सोबत झाकणाचा डबा द्यावा आणि तो सावलीत ठेवायला सांगावं. चुलीशेजारी किंवा ट्रॅक्टरच्या टपावर नाही.

डबा कुठे ठेवायचा, यावर वाटप चालतं किंवा बंद पडतं. सिस्टरांच्या टेबलावरच्या डब्याला कोणी हात लावत नाही. ‘भाऊ, मांगाले लाज वाटस,’ हे उत्तर ठरलेलं. तोच डबा उपकेंद्राच्या दाराआड, सलूनमध्ये किंवा पानपट्टीच्या मागच्या बाजूला ठेवला की रिकामा होतो. कुलूप नको, नाव लिहायची वही तर नकोच. बाजाराच्या दिवशी भरायचा आणि किती गेले तेवढं मोजायचं. कोणी नेले हे विचारलं, की दुसऱ्या दिवसापासून डबा तसाच भरलेला राहतो.

समुपदेशनात लाकडी मॉडेलवर दाखवल्याशिवाय पाकीट देऊ नये. आधी तारीख. मग पाकीट दोन बोटांत दाबायचं, आतली हवा जाणवली पाहिजे. चपटं लागलं तर टाकून द्यायचं. निरोध एका बाजूला सरकवून पाकीट कडेने हातानेच फाडायचं, दातांनी नाही. टोक चिमटीत धरून हवा काढायची आणि पूर्ण ताठरलेल्या लिंगावर मुळापर्यंत उलगडायचा. वीर्य बाहेर पडल्यावर ताठरपणा आहे तोवर मुळाशी धरून बाहेर यायचं. गाठ मारून, कागदात गुंडाळून पुरायचा. संडासात टाकला तर तुंबतो.

‘फाटला’ अशी तक्रार आली, की आधी तेल विचारा. खोबरेल, तिळाचं तेल किंवा व्हॅसलिन लागलं, की काही मिनिटांतच रबर कमजोर होतं. पाण्यावर आधारित जेल चालतं. एकावर एक दोन घातले तर घासून फाटतात.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा लागतो तो ‘ऑपरेशन झालंय, आता कशाला’ म्हणणाऱ्या घरांना. बाईच्या ऑपरेशनने गर्भ थांबतो, गुप्तरोग आणि एचआयव्ही थांबत नाहीत. धनी महामार्गावर ट्रक चालवत असेल, तर ही गोष्ट वहिनींशी एकटीला बसवून बोलावी, सासूसमोर नाही. पुरुषाची नसबंदी झाली असेल, तर पुढचे तीन महिने निरोध लागतोच. नंतर वीर्य तपासून शुक्राणू नाहीत असा अहवाल आला, की गर्भाची काळजी मिटली.

आणि पाकीट हातात देतानाच सांगून ठेवायचं, की फाटला तर ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर, गर्भनिरोधाची तातडीची गोळी घ्यायची. ती आशाताईंकडे मिळते. जोडीदाराला एचआयव्ही असण्याची शंका असेल, तर त्याच ७२ तासांत जिल्हा रुग्णालय गाठायचं, प्रतिबंधक औषध तेवढ्याच मुदतीत सुरू करावं लागतं.