एचपी शून्य झाला तरी उभा राहिलेला गालुफ

आज फायनल फँटसी फाइव्ह या व्हिडिओ गेममधला, गालुफ या आपल्या गटातल्या म्हाताऱ्या योद्ध्याचा भाग परत खेळले. काय होणारे ते माहितीये, तरी पोटात गोळा येतोच. (खेळला नसेल तर पुढे वाचू नका, गेम १९९२ चा असला तरी स्पॉयलर तो स्पॉयलरच.)

जंगल पेटलेलं, खलनायक एक्सडेथने सगळ्यांना लोळवलेलं, गालुफची नात क्राइल वाचवायला येते तर तीच त्याच्या तावडीत सापडते, आणि मग हा म्हातारा एकटाच उठून त्याच्या अंगावर जातो. लढता लढता त्याचा एचपी, म्हणजे उरलेला जीव मोजणारा आकडा, शून्य होतो. एरवी शून्य म्हणजे कॅरेक्टर आडवं, हे आपल्याला गेमच्या सुरुवातीपासून पाठ झालेलं असतं, पण गालुफ पडतच नाही, शून्यावर उभा राहून वार करत राहतो! कोसळतो ते लढाई संपल्यावर. मग बाकीचे त्याच्यावर फिनिक्स डाऊन (पडलेल्याला उठवणारी वस्तू) वापरून बघतात, जिवंत करायचा मंत्र टाकून बघतात, म्हणजे आपण जे जे केलं असतं ते सगळं, आणि कशाचाच उपयोग होत नाही.

म्हणून मला हा सीन फायनल फँटसी सेव्हनमधल्या एरिथच्या मृत्यूपेक्षाही भारी वाटतो. सेव्हनमध्ये (१९९७) फिनिक्स डाऊन का नाही वापरलं हा प्रश्न लोक अजून विचारतात, गेम त्याला हातच लावत नाही. पण तिथे दुसरी एक गोष्ट जबरदस्त केलीये. ती गेल्यावर लगेच बॉस फाइट (मोठ्या शत्रूशी लढाई) येते आणि बॉसचं म्युझिक लागतच नाही, तिचीच धून चालू राहते, आणि ती ऐकत ऐकत आपल्याला अटॅक, मॅजिक, आयटम निवडत बसावं लागतं. रडायलाही फुरसत नाही.

गालुफनंतर त्याची लेव्हल आणि शिकलेल्या अ‍ॅबिलिटीज सगळ्या क्राइलला मिळतात. काहींना ही पळवाट वाटते, खेळणाऱ्याचं नुकसान होऊ नये म्हणून केलेली सोय. मला नाही वाटत तसं, आजोबांनी आयुष्यभर कमावलेलं नातीच्या हातात आलं, आणि तिच्याकडून त्याची एखादी अ‍ॅबिलिटी वापरली की तो दर वेळी आठवतो.

बाल्डर्स गेट थ्रीमध्ये (२०२३) कॅम्पमधला विदर्स २०० सोन्याच्या नाण्यांत मेलेला साथीदार उठवून देतो. खेळायला मस्त आहे, तक्रार नाही, पण मरण इतकं स्वस्त केल्यावर कथेतला एखादा खराच मेला हे पटवायला लेखकांना दुप्पट मेहनत घ्यावी लागते. फायर एम्ब्लेममध्ये उलटं, तिथे क्लासिक मोडमध्ये मेलेला परत येत नाही, म्हणून कितीतरी जण सरळ रीसेट मारून तो चॅप्टर पुन्हा खेळतात. मला ते पटतं, जीव लागलाय म्हणूनच करतात ना.

चीड येते ती फक्त हिरोला राग यावा म्हणून मारलेल्या कॅरेक्टर्सची. एक गोड सीन, एक मिठी, लगेच तलवार, आणि पुढच्या गावात पोचेपर्यंत हिरोच्या गटातलं कोणी त्याचं नावही काढत नाही.