सकाळची स्तवनं
आज नगर रोडची वर्दळ सुरू व्हायच्या आत आईबरोबर प्रातःप्रार्थनेला बसले. लॅटिनमध्ये हिला 'लाउदेस' म्हणतात, म्हणजे स्तवनं. रोमन कॅथलिक प्रथेत 1911 पर्यंत बायबलमधली 148, 149 आणि 150 ही स्तोत्रं हिच्यात रोज असायची. 148वं माझं फार लाडकं. सूर्य, चंद्र, गारा, फळझाडं, सरपटणारे जीवसुद्धा देवाची स्तुती करतात, राजेमहाराजांचा नंबर त्यांच्यानंतर! आई ओळीवर बोट ठेवून वाचते, मध्यावर थांबून श्वास घेते, मग पुढची ओळ माझी. शेवटी जखऱ्याचं, म्हणजे बायबलमधल्या बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या वडिलांचं गीत. मुका झालेला म्हातारा बाप, वाचा परत आल्याबरोबर देवाचाच धन्यवाद करतो. बाबा गेल्यापासून आम्हाला स्तुती म्हणणं जड जात होतं. आज पुस्तक आईनेच काढलं. उद्याही बसणार आहोत, जवळपास राहणाऱ्यांनी साडेसहाला जरूर या.