मझिर्बेच्या जंगलातल्या होड्या

लाटव्हियाची राजधानी रिगाहून निघालेली बस आखाताच्या कडेकडेने कोल्काला पोहोचते. या टोकाला रिगाचं आखात आणि खुला बाल्टिक समुद्र एकमेकांना भिडतात. बहुतेक लोक इथे फोटो काढून परत फिरतात. मी पश्चिमेला मझिर्बेकडे वळलो, कारण लिव्होनियन या छोट्या कोळी समाजाचा किनारा तिथून खऱ्या अर्थाने सुरू होतो.

लाटव्हियन भाषा निदान मराठीची दूरची नातलग आहे. लिव्होनियन मात्र शतकानुशतकं तिच्या शेजारी नांदूनही वेगळ्याच कुळातली. तिचं सख्खं गोत एस्टोनियन आणि फिनिश. 1939च्या ऑगस्टमध्ये या भाऊबंदांच्या आणि हंगेरीच्या मदतीने मझिर्बेत लिव्होनियनांचं समाजगृह उभं राहिलं. पुढच्याच महिन्यात महायुद्ध पेटलं. लिव्होनियनांचा झेंडा मात्र 1923चा आहे. त्यात वर हिरवा, मध्ये पांढरा, खाली निळा पट्टा: जंगल, वाळू, पाणी. होडीत बसून किनारा जसा दिसतो, अगदी तसा.

त्या होड्या आता जंगलात आहेत. समुद्राजवळच्या पाइनच्या झाडीत जुन्या लाकडी होड्यांचे सांगाडे शेवाळाखाली कुजत पडलेत. सोव्हिएत काळात हा किनारा लष्करी सीमाभाग झाला, समुद्रावर जाण्यावर कडक निर्बंध आले आणि छोट्या गावांची मासेमारी संपली. तरुण पोटासाठी बाहेर पडले. ही भाषा मोडली याची कारणं बरीच सांगतात, पण माझ्या मते खरा घाव इथे बसला. कोळ्याचा समुद्रच बंद केला, तर त्याच्या बोलीने जगायचं कशावर?

जवळच्या वाइदे गावच्या ग्रिझेल्डा क्रिस्टिन्या 1944च्या युद्धातल्या पळापळीत स्वीडनला आणि पुढे कॅनडात गेल्या. जुन्या पिढीत ही भाषा आईच्या तोंडून शिकलेल्या त्या शेवटच्या. 2013 मध्ये, वयाच्या 103व्या वर्षी, त्या तिकडेच वारल्या. आज अस्खलित बोलणारे जेमतेम वीस-तीस उरलेत, तेही पुस्तकांतून आणि आजीआजोबांच्या आठवणींतून शिकलेले. लाटव्हिया विद्यापीठात 2018 पासून लिव्होनियन संस्था आहे. शब्दकोश, नव्या कविता, गावांच्या द्विभाषिक पाट्या असं काम चालू आहे. याला कुणी कृत्रिम म्हणेल; मला ती चिवट माणसं वाटतात.

जायचंच असेल तर ऑगस्टचा पहिला शनिवार गाठा. तेव्हा लिव्होनियनांचा मेळा भरतो, गाणी होतात, आणि राय या धान्याच्या पिठाच्या पारीत बटाटा-गाजराचं गोडसर सारण भरलेलं स्क्लांदराउसिस मिळतं. एरवी गावात शुकशुकाट असतो. डबा आणि डासांचं मलम सोबत ठेवा.