ॲव्हरेजसाठी दात वाढवला आणि ॲव्हरेजच गेलं

वाईत गॅरेज आहे माझं. परवा दुपारी एक दूधवाले मामा आले, शंभर सीसीची गाडी, दोन्ही बाजूला चाळीस-चाळीस लिटरच्या किटल्या, रोज पसरणी घाट चढून पाचगणीच्या हॉटेलांना दूध घालतात. स्टँड लावायच्या आतच क्लच जळाल्याचा वास. "मिस्तरी, चेनसेट बदलल्यापासनं गाडी वडतच नाय, इंजिन खोला."

इंजिन कशाला खोलायचं, किकला कॉम्प्रेशन चांगलं लागत होतं, धूर पण नव्हता. पुढच्या स्प्रॉकेटचं, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाचं, कव्हर काढलं, आत ऑइल-मातीचा काळा लगदा, स्क्रूड्रायव्हरने खरवडला तर खाली आकडा दिसला १५, म्हणजे पंधरा दात. या गाडीला मुळात पुढे १४ मागे ४२ होतं. विचारलं तर म्हणे आधीच्या मेकॅनिकने सांगितलं एक दात वाढवा, ॲव्हरेज वाढतं.

आता सपाट रोडवर एकटा माणूस टॉप गिअरला जात असेल तर वाढेलही, कारण ४२ भागिले १४ म्हणजे ३ आणि १५ ने भागलं की २.८, तेवढ्याच स्पीडला इंजिन कमी फिरतं. पण मामा घाटात टॉप टाकतात कुठे! आधी सेकंडवर चढायचे तिथे आता फर्स्ट, अर्धा क्लच आणि ॲक्सिलेटर पिळून. पेट्रोल उलट जास्त जायला लागलं, वर क्लच प्लेटा भाजल्या त्या वेगळ्याच.

मामा म्हणाले, मग १३ च टाका की. नको म्हटलं, पुढचं जितकं लहान तितकी चेन जास्त वाकते आणि लवकर झिजते, शिवाय पुढचा एक दात म्हणजे मागचे जवळपास तीन. म्हणून पुढे १४, मागे ४४. म्हणजे ३.१४, पुढे १५ होतं त्यापेक्षा चाकाला १२ टक्के जोर जास्त. चेन तीच पुरली, एक्सल ॲडजस्टरवर जरासा सरकवावा लागला एवढंच. क्लच प्लेटा नव्या टाकल्या, किटल्यांत पाणी भरलं आणि मीच गाडी घाटात घातली. वळणावर सुद्धा सेकंडला, क्लचला बोट न लावता. मामा खाली टपरीवर चहा घेत बसलेले, खुश एकदम.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या पोराचा फोन, सत्तरच्या पुढं गाडी नुसती वरडतीय. वरडणारच की. म्हटलं तू एसटीचा पास काढ.